चार आठवडे थांबायचं कशासाठी?

मागच्या अंकात जुळ्यांच्या सोनोग्राफीवर लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांमध्ये एकाच गोष्टीबद्दल इतकं काही विचारलंय की हे सदर पूर्ण त्यालाच देऊन टाकतेय. जुळ्यातलं एक बाळ पोटातच गेलं, दुसरं आहे, आता त्या दुसऱ्याच्या मेंदूचं काय? मी रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे पेशंटला कमी आणि त्याच्या फोटोंना जास्त भेटणारी बाई, तेव्हा औषध-इंजेक्शनचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, मी सांगणार ते फोटोत काय दिसतं, कधी दिसतं आणि काय दिसत नाही एवढंच. पत्रं छापताना ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

प्रश्न : मॅडम मला २३ वा आठवडा चालू आहे, जुळी होती. २१ व्या आठवड्यात पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीला गेलो तर डॉक्टर बराच वेळ काहीच बोलेनात, मग म्हणाले एकाचे ठोके लागत नाहीत. दुसरं व्यवस्थित आहे म्हणाले. आता दर आठवड्याला सोनोग्राफी आणि चार आठवडे झाले की बाळाच्या मेंदूचा एमआरआय असं ठरलंय. सासूबाई म्हणतात गेलेलं बाळ आत ठेवलं तर त्याचं विष दुसऱ्याला चढेल आणि मलाही, लगेच सिझर करून जिवंत बाळ काढून घ्या. नणंदेचे मिस्टर मेडिकल लाइनमध्ये आहेत, ते म्हणतात एमआरआय करायचाच तर आत्ताच करून मोकळं व्हा, महिनाभर डोक्याला ताप कशाला. रिपोर्टमध्ये मोनोकोरिऑनिक डायॲम्निऑटिक असं लिहिलंय. झोप लागत नाही. (कराडजवळून)

उत्तर : ताई, आधी तो लांबलचक शब्द सोडवू, कारण सगळं त्यावरच आहे. दोन बाळं, दोन पाण्याच्या पिशव्या, पण वार (प्लॅसेंटा) एकच, एवढाच त्याचा अर्थ. एकच वार असली की दोघांच्या रक्तवाहिन्या त्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात, जवळजवळ सगळ्याच अशा जुळ्यांमध्ये असतात. बिल्डिंगच्या गच्चीवर दोन टाक्या खालून एका पाइपने जोडलेल्या असतात ना, तसं. दोन्हीत पाणी सारखं असतं तोवर कुणाला कळतही नाही की पाइप आहे. एका टाकीचा तळ फुटला की दुसरीचं पाणीपण त्याच वाटेने जातं. गेलेल्या बाळाचं हृदय थांबतं, त्याच्या बाजूला दाबच उरत नाही, आणि जिवंत बाळाचं रक्त तिकडे वाहून जातं. त्याचं बीपी पडतं, अंगातलं रक्त कमी होतं, आणि अशा वेळी सगळ्यात आधी मार बसतो मेंदूला.

म्हणजे सासूबाई म्हणतात तसं काही इकडून तिकडे "चढत" नाही. पण त्यांना हसू नका हं, जुन्या वैद्यकीय पुस्तकांतसुद्धा बरीच वर्षं असंच होतं, की गेलेल्या बाळाकडून गुठळ्या करणारे पदार्थ जिवंत बाळात जातात आणि त्याने मेंदूला इजा होते. पुढे अशा जिवंत बाळांच्या नाळेतलं रक्त लगेच तपासलं गेलं तर ते पांढरंफटक, हिमोग्लोबिन उतरलेलं, आणि उलट गेलेलं बाळच रक्ताने भरलेलं. तेव्हा दिशा उलटी आहे हे पटलं. आणि "आत सडेल" ही जी भीती आहे ती पिशवी फुटलेली नसेल तर नको. आत जंतू नसतात, हवा नसते. बाळ हळूहळू आकसतं, त्याच्या पिशवीतलं पाणी शोषलं जातं, आणि बाळंतपणात ते वारेबरोबर बाहेर येतं, कधीकधी इतकं चपटं झालेलं असतं की जुन्या डॉक्टरांनी त्याला कागदासारखं बाळ असंच नाव दिलेलं आहे.

आता लगेच सिझर का नको. जे व्हायचं असतं ते ठोके थांबतात त्या वेळी आणि त्यानंतरच्या थोड्याच वेळात होऊन जातं, आपण सोनोग्राफीच्या टेबलावर पोचतो तोवर बहुतेक वेळा ते घडून गेलेलं असतं. बाळ काढून ती इजा मागे घेता येत नाही. उलट २३ व्या आठवड्यात बाळ बाहेर काढलं तर कोवळ्या मेंदूत रक्तस्राव, फुप्फुसं तयार नाहीत, म्हणजे जे बाळ कदाचित ठणठणीत आहे त्याला आपणच नवीन संकटात ढकलायचं. म्हणून जगभर सांगतात की जिवंत बाळाला दुसरा काही धोका नसेल तर थांबा, आणि एका वारेच्या जुळ्यांत साधारण ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, लवकर असेल तर फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं देऊन, बाळंतपण करा.

आणि एमआरआय आत्ता का नाही? नणंदेच्या मिस्टरांचा प्रश्न रास्त आहे, अगदी शिकलेली माणसंसुद्धा इथेच फसतात. विहिरीचं पाणी तुटलं तरी झाड दुसऱ्या दिवशी वाळत नाही, आठ-दहा दिवस हिरवंच दिसतं, मग पानं गळायला लागतात. मेंदूचं तसंच आहे. रक्त कमी पडून जो भाग मेला तो पहिल्या काही दिवसांत साध्या फोटोत शेजारच्या चांगल्या भागासारखाच दिसतो. मग तो विरघळायला लागतो, तिथे पोकळ्या होतात, पाण्याचे कप्पे रुंद होतात, त्या बाजूची मेंदूची जाडी कमी होते, आणि याला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून चार आठवडे, काही ठिकाणी चार ते सहा. लवकर केलेला एमआरआय "नॉर्मल" आला तर त्याचा अर्थ बाळ नॉर्मल असा नाही, त्याचा अर्थ अजून काही दिसत नाही एवढाच, पण घरचे तो रिपोर्ट देवापुढे ठेवतात आणि पेढे वाटतात, नंतर दुसरा रिपोर्ट वेगळा आला की खचतात. मी हे पाहिलंय.

दुसरं कारण वयाचं. २१-२२ व्या आठवड्यात बाळाचा मेंदू सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत असतो, दोन्ही बाजूंची एक मोठी खाच आणि थोड्या बारीक खाचा सोडल्या तर वळ्या नसतातच. बहुतेक वळ्या २४-२६ व्या आठवड्यानंतर पडत जातात आणि २८ ते ३२ मध्ये तर आठवड्यागणिक फरक दिसतो. वळ्याच नाहीत तर त्या वेड्यावाकड्या पडल्यात का हे कसं कळणार? त्यामुळे तुमच्या केसमध्ये २५-२६ व्या आठवड्यात एकदा केला आणि तेव्हा काही शंका राहिली तर ३०-३२ मध्ये परत असं कुणी सुचवलं तर उगाच बिल वाढवतायत असं समजू नका.

लवकर बघायचा एक मार्ग आहे, डिफ्यूजन नावाचा एमआरआयचाच प्रकार, त्यात ताजी इजा पहिल्या काही दिवसांतच चमकते. पण आठवडा उलटून गेला की ती चमक कमी होत जाते, आणि मधल्या काळात केलं तर डिफ्यूजनमध्येही विझलेलं आणि साध्या फोटोतही अजून न उमटलेलं अशा दोन्हींच्या मधल्या फटीत आपण सापडतो. तुमचे दोन आठवडे होऊन गेलेत, तुम्ही आत्ता बरोब्बर त्या फटीतच आहात. ठोके शेवटचे कधी लागले होते आणि कधी नव्हते, या दोन तारखा कागदावर लिहून फाइलला पिन करा. आम्हाला रिपोर्ट वाचताना त्या तारखेइतकं उपयोगी दुसरं काही नसतं, आणि दहातल्या आठ फाइलींत नेमकी तीच नसते.

मधल्या काळात दर आठवड्याच्या सोनोग्राफीत काय बघतात? बाळाच्या मेंदूतल्या मधल्या रक्तवाहिनीचा डॉपलर, त्यात रक्त किती जोराने धावतंय ते मोजतात. रक्त पातळ म्हणजे हिमोग्लोबिन कमी असलं की ते जोरात धावतं. तो नॉर्मल असेल तर ही चांगली बातमी, ती ऐकून घ्या, आणि झोपा.

आकडे विचारले नाहीत तुम्ही, पण गूगल करालच म्हणून सांगते. २०११ च्या एका मोठ्या आढाव्यात एका वारेच्या जुळ्यांत एक गेल्यावर दुसरंही जाण्याचं प्रमाण १५ टक्के आणि जगलेल्यांमध्ये मेंदूच्या विकासात अडचण २६ टक्के असं आलं. नंतरच्या आढाव्यांत आकडे कमी-जास्त झालेत, जास्तच झालेत खरं तर, पण त्यात आधीच गंभीर झालेल्या केसेसपण मिसळलेल्या असतात. तुमचं बाळ तो धोक्याचा पहिला काळ ओलांडून दोन आठवडे आत हातपाय हलवतंय, हे त्या १५ टक्क्यांत धरलेलं नाही.

प्रश्न : आम्ही शारजाला असतो. मिसेसला २६ वा आठवडा, जुळ्यांपैकी एक २४ व्या आठवड्यात गेलं. इथे आधीच सांगितलं होतं की एक मुलगा आणि एक मुलगी. इथले डॉक्टर म्हणतात एमआरआयची गरज नाही, पुण्यातली माझी मावसबहीण (डॉक्टर नाही) म्हणते करायलाच हवा, नेटवर २६ टक्के दिलंय. कुणाचं ऐकू?

उत्तर : दादा, या वेळी डॉक्टरांचं ऐका. मुलगा आणि मुलगी म्हणजे दोन वेगळी बीजं, आणि दोन वेगळी बीजं म्हणजे वारा दोन, फारच विरळा अपवाद सोडला तर. वारा वेगळ्या म्हणजे तो पाइपच नाही. वर ज्या आढाव्याचं सांगितलं त्यातच दोन वारांच्या जुळ्यांत दुसरं जाण्याचं प्रमाण ३ टक्के आणि मेंदूच्या अडचणीचं २ टक्के आहे. बहिणीने वाचलेले २६ टक्के तुमचे नाहीतच, ते वरच्या कराडच्या ताईंच्या गटाचे आहेत.

(गंमत बघा, हा सोपा पुरावा आपल्याकडे वापरताच येत नाही, कारण मुलगा की मुलगी हे सांगायला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती का आहे हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको.)

फक्त दोन गोष्टी. एक बाळ का गेलं याचं कारण शोधायला लावा, कारण इन्फेक्शन किंवा मिसेसचं बीपी असं काही असेल तर ते दुसऱ्यालाही लागू होतं, मग वारा दोन असोत की चार, आणि तेव्हा एमआरआयचा विचार वेगळ्या कारणाने होऊ शकतो. दुसरं म्हणजे वेळेआधी कळा. एक गेल्यावर दोन्ही प्रकारच्या जुळ्यांत निम्म्याहून जास्त बाळंतपणं वेळेआधी झालेली आहेत, तेव्हा नववा महिना गृहीत धरून विमानाची तिकिटं काढू नका.

प्रश्न : आमच्या रिपोर्टवर वार एक की दोन काहीच लिहिलेलं नाही. आता सातवा महिना आहे, एक बाळ मागच्या आठवड्यात गेलं. आता परत सोनोग्राफी करून कळेल का? (जळगाव)

उत्तर : कळणं अवघड आहे, अशक्य नाही. हे ठरवायची खरी वेळ ११ ते १४ आठवडे. तेव्हा दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे चिकटतो तिथे दोन वारा असतील तर ग्रीक लॅम्डा अक्षरासारखा, म्हणजे डोंगराच्या टोकासारखा जाड त्रिकोण दिसतो, आणि एक असेल तर पातळ पडदा सरळ काटकोनात येऊन टेकतो, इंग्रजी टी सारखा. नंतर वारा पसरून एकमेकींना चिकटतात आणि सगळं गिचमिड होतं. तेव्हा पहिल्या तीन महिन्यांची सोनोग्राफी जिथे केली होती तिथे जाऊन जुने फोटो मागा. रिपोर्ट नको, फोटो, थर्मल कागदावरचे ते पुसट झालेले का असेनात, किंवा मशिनमध्ये सेव्ह असतील तर सीडीवर. माझ्याकडे एकदा एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत रेशन कार्डाच्या घडीत ठेवलेला असा एक फोटो घेऊन आली होती, बोटभर रुंद, कडा पिवळ्या पडलेल्या, आणि त्यात तो त्रिकोण इतका स्वच्छ होता की बाईंचा एमआरआयच रद्द झाला. काहीच नाही मिळालं तर मात्र वार एकच आहे असं धरूनच पुढे जायचं.

जुळ्यांच्या पहिल्या रिपोर्टवर वारांची संख्या न लिहिणं हा माझ्या मते आळस आहे, आणि माझ्याच धंद्यातल्या लोकांचा आहे म्हणून जास्त राग येतो.

प्रश्न : एमआरआयमध्ये बाळाला रेडिएशन लागतं का? मशिनचा आवाज खूप असतो म्हणतात. मला लिफ्टमध्येसुद्धा घाबरायला होतं. आणि सोनोग्राफीत मेंदू चांगला आहे म्हणालेत तर परत हे कशाला? (नाशिक)

उत्तर : रेडिएशन नाही. चुंबक आणि रेडिओ लहरी, क्ष-किरण अजिबात नाहीत. पोटातल्या बाळासाठी रंगाचं इंजेक्शनही देत नाहीत, कुणी देऊ लागलं तर थांबवून विचारा. आवाज खरंच मोठा असतो, ठोकठोक, मध्येच ड्रिलसारखा, पण तुम्हाला हेडफोन मिळतात आणि बाळाभोवती तुमचं पोट आणि पाणी असतं, आजवरच्या अभ्यासांत अशा बाळांच्या ऐकण्यावर परिणाम झालेला आढळलेला नाही.

प्रत्यक्षात काय होतं सांगते. दाराबाहेर सगळा धातू काढायचा. कानातलं, नथ, केसातल्या पिना, साडीच्या सेफ्टी पिना (त्या हमखास एक तरी राहते, पदराच्या आत), जोडवी, मंगळसूत्र. काचेच्या बांगड्या राहिल्या तरी चालतात. मंगळसूत्र काढायच्या वेळी बऱ्याच जणी थबकतात, त्यातून एक बाळ गेलेलं असतं, मन आधीच शंका घेत असतं. आमच्याकडे एक सिस्टर आहेत त्या न विचारता खिशातून पिवळ्या दोऱ्यात ओवलेलं हळकुंड काढून गळ्यात बांधून देतात आणि म्हणतात, "चला, आता मशिनला काही हरकत नाही." कुठल्या कोर्समध्ये हे शिकवत नाहीत.

लघवी करून जा. डाव्या कुशीवर झोपायला मागा, उताणं झोपून घाबरं होत असेल तर मागायला लाजू नका. बहुतेक ठिकाणी पाय आधी आत घालून घेता येतं, म्हणजे डोकं बोगद्याच्या तोंडाशी राहतं, लिफ्टला घाबरणाऱ्यांना याने खूप फरक पडतो. हातात रबराचा फुगा देतात तो दाबला की लगेच बाहेर काढतात. एकेक फोटो सेकंदाच्या आत निघतो, कारण बाळ काही आपलं ऐकून स्तब्ध बसणार नाही, पण डोकं तिन्ही दिशांनी नीट मिळेपर्यंत बाळामागे धावावं लागतं, त्यात अर्धा-पाऊण तास जातो.

आणि हो, गेलेलं बाळही फोटोत येतं. एकीने मला विचारलं होतं की "दुसरंपण दिसलं का हो तुम्हाला?" दिसतं. एका कडेला, छोटंसं. ऐकायचं असेल तर सांगते, नसेल तर नाही सांगत.

सोनोग्राफी चांगली असताना एमआरआय कशाला, तर दोन्ही वेगळं दाखवतात. इंग्लंडमध्ये मेरिडियन नावाचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, ५७० बाळं होती, त्यात मेंदूचं निदान सोनोग्राफीने ६८ टक्के बरोबर आलं आणि एमआरआय जोडल्यावर ९३ टक्के. मात्र ती सगळी बाळं सोनोग्राफीत आधीच काहीतरी संशय आलेली होती, तेव्हा ते आकडे तुमच्या केसला जसेच्या तसे चिकटवू नका. एका वारेच्या जुळ्यात एक गेल्यावर जी इजा होते ती मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात किंवा वरच्या सालीत बारीक असू शकते, कवटीचं हाड पक्कं होत गेलं की सोनोग्राफीला ती निसटते, म्हणून हा खटाटोप. बाळाचं डोकं खाली असेल आणि खालून, म्हणजे योनीमार्गातून, करायची न्यूरोसोनोग्राफी (बाळाच्या मेंदूची खास सोनोग्राफी) नीट येणारे डॉक्टर जवळ असतील तर तीही फार चांगली असते, आणि एमआरआय शंभर किलोमीटरवर असेल तर मी तीच आधी करून घ्या म्हणेन.

प्रश्न : ३० वा आठवडा. एक बाळ २५ व्या आठवड्यात गेलं (वार एक). एमआरआयमध्ये मेंदूतलं पाणी ११ मिमी, माइल्ड व्हेंट्रिक्युलोमेगाली लिहिलंय, बाकी नॉर्मल. एक डॉक्टर म्हणतात काही नाही, एक म्हणतात सांगता येत नाही. मतिमंद होणार का? (मडगाव)

उत्तर : दोघांचंही बरोबर आहे, हाच त्रास आहे. मेंदूच्या आत पाण्याचे कप्पे सगळ्यांनाच असतात, मोजायच्या जागी १० मिमीच्या आत असले की नॉर्मल, १० ते १२ माइल्ड, १५ च्या पुढे गंभीर. एकट्या बाळात नुसते ११ आले, बाकी तपासण्या चांगल्या, तर बहुसंख्य बाळं छान निघतात, म्हणून पहिले डॉक्टर तसं म्हणाले. पण एका वारेच्या जुळ्यात एक गेल्यावर हेच ११ मी जरा रोखून बघते, कारण पाणी वाढून कप्पा फुगलाय की आजूबाजूचा मेंदू कमी झाल्याने कप्पा मोठा दिसतोय हा प्रश्न येतो. मग बघायचं ते असं: कप्प्याच्या कडा गुळगुळीत आहेत की खडबडीत, बाजूला बारीक पोकळ्या आहेत का, जुन्या रक्ताचे काळे डाग आहेत का, दोन्ही बाजू सारख्या आहेत का, आणि डोक्याचा घेर आठवड्यागणिक वाढतोय ना. रिपोर्टमध्ये "बाकी नॉर्मल" या दोन शब्दांत हे सगळं आलंय का ते विचारा, आणि शक्य असेल तर दोन-तीन आठवड्यांनी परत मोजून घ्या. ११ चे ११ राहिले किंवा कमी झाले तर निश्वास टाका.

ते "मतिमंद" वगैरे शब्द आत्ता घरात कुणाला वापरू देऊ नका. फोटोवरून बुद्धी सांगता येत नाही, मला तर नाहीच येत.

याच विषयावर दोघा-तिघांनी गर्भपाताच्या कायद्याचं विचारलंय, ते इथेच सांगते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही ठरावीक परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत परवानगी आहे, आणि बाळात गंभीर व्यंग असेल तर २४ नंतरही, पण मग राज्याच्या मेडिकल बोर्डाची मान्यता लागते. चार आठवडे थांबायचं म्हटलं की बऱ्याचदा ही रेषा ओलांडली जाते, आणि कुणीतरी घाई करून २३ व्या आठवड्यात एमआरआय करून घेतं, तो नॉर्मल येतो किंवा धूसर येतो, आणि निर्णय त्यावर घेतला जातो. घाईने केलेल्या फोटोवर इतका मोठा निर्णय घेऊ नका, बोर्डाचा रस्ता लांब असला तरी आहे. अगदी मोठ्या पोकळ्या, मेंदूचा बराच भाग गेलेला, अशा केसमध्ये फोटो बोलतोच, तिथे संशय राहत नाही.

प्रश्न : माझा ब्लड ग्रुप ओ निगेटिव्ह आहे. आणि सातव्या महिन्यात डोहाळजेवण करावं की नाही यावरून घरात वाद आहेत. (बार्शी)

उत्तर : निगेटिव्ह आहे तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल (आईचं निगेटिव्ह रक्त बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध उठू नये म्हणून देतात ते) डॉक्टरांना आजच विचारा, बाळ गेल्यावर ते लागतं आणि गडबडीत राहून जातं. तुमच्या रक्ताच्या गुठळीच्या तपासण्याही एकदा होतील, आईला त्रास होणं फार दुर्मीळ आहे, तरी पुढे तुलना करायला एक बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची नोंद, हवी. डोहाळजेवण तुमच्या मनावर. एकीने केलं होतं, फक्त बायका मोजक्या बोलावल्या आणि "किती आहेत?" विचारणाऱ्या काकूंना बोलावलंच नाही.

प्रश्न : माझा मुलगा सात महिन्यांचा आहे, ३५ व्या आठवड्यात झाला. त्याचा जुळा भाऊ पोटात २२ व्या आठवड्यात गेला होता, मशिनमध्ये बघायचा एमआरआय ३१ व्या आठवड्यात केला तो नॉर्मल होता, जन्मल्यावर टाळूवरून सोनोग्राफी केली तीही नॉर्मल. खूप हसरा आहे. खुळखुळा नेहमी डाव्या हाताने धरतो, उजवीकडे ठेवला तरी डावा हात आडवा आणून घेतो. आजोबा खूश आहेत, त्यांच्यासारखा डावखुरा निघाला म्हणतात. असंच सहज लिहिलं. (सांगली)

उत्तर : ताई, सहज लिहिलंत ते बरं केलंत. पहिल्या वाढदिवसाच्या आत बाळ डावखुरं किंवा उजवं नसतं. या वयात दोन्ही हात सारखे चालायला हवेत, पुढे दीड-दोन वर्षांनी कुठे एक हात पुढे यायला लागतो. सातव्या महिन्यात (आणि वेळेआधी झालाय म्हणून तसा सहाच्याच आतला) एकच हात पुढे येत असेल तर दुसरा का मागे राहतोय हे तपासून घ्यायचं. कदाचित काहीच निघणार नाही. पण एमआरआय नॉर्मल होता म्हणून थांबू नका. नॉर्मल एमआरआयने धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही, बारीक इजा ३१ व्या आठवड्याच्या फोटोत निसटू शकते.

उजवी मूठ बहुतेक वेळ बंद असते का, अंगठा आत दुमडलेला असतो का, कपडे घालताना उजवा हात बाहीत जायला अडतो का, लंगोट बदलताना उजवा पाय जास्त ताठ लागतो का, हे चार दिवस बघा आणि मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ काढा, खुळखुळा मध्यभागी, डावीकडे, उजवीकडे ठेवून. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, जमल्यास मुलांच्या न्यूरोलॉजिस्टना. जवळच्या सरकारी रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा, २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेला, त्याखाली जिल्ह्याच्या पातळीवर लहान मुलांची लवकर थेरपी करणारी केंद्रं आहेत आणि तिथे फिजिओथेरपिस्टपासून सगळे एकाच जागी भेटतात. काही निघालंच तर या वयात मागे पडलेल्या हाताला कामाला लावणं दोन वर्षांच्या मुलापेक्षा खूप सोपं असतं, आणि ते निदान पक्कं होईपर्यंत थांबूनही राहावं लागत नाही.

जाताना दोन्ही एमआरआय-सोनोग्राफीच्या सीडी न्या, नुसते कागद नको. आणि वरच कुठेतरी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा : जुळं, वार एक, भाऊ २२ व्या आठवड्यात गेला, तारीख अमुक. आजोबांना एवढ्यात काही सांगू नका.